समोरच्या थांब्यावरचे प्रवासी

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं बस चालवली आणि त्या चौतीस वर्षांत मला एकदाही गाडीतून फिरायला नेलं नाही. सुट्टीच्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा ह्यांचा नियम. शेजाऱ्यांनी स्कूटर देऊ केली तरी म्हणायचे, आज सुट्टी आहे. मी म्हणायचे, अहो, मी रोज लोकांचे ब्लाऊज शिवते म्हणून सणासुदीला स्वतः काही घालायचंच नाही का? त्यावर हे वर्तमानपत्र आणखी वर धरायचे. त्यामुळं लेकीनं आणि जावयांनी आम्हाला तीन दिवस बेटावर पाठवलं आणि वर भाड्याची गाडीही ठरवून दिली, तेव्हा मी मनाशी म्हटलं, झालं, गाडी खाली उभी राहणार आणि मी खोलीच्या खिडकीतून समुद्र बघणार.

पण झालं उलटंच. पहिल्याच दिवशी सकाळी सहाला आमचे ड्रायव्हरसाहेब आंघोळ करून, शर्ट खोचून, केसांना तेल लावून तयार. मला म्हणाले, उठ, हात बसवायला पाहिजे.

हात कशासाठी बसवायचा, ते सांगते. निवृत्त झाल्यापासून ह्यांचं घरात मन रमेना. दोन वर्षं नुसते खिडकीत उभे. समोरून बस गेली की घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, सात मिनिटं उशीर. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मला मशीनवर बसून ते ऐकवेना. त्यात चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा हलका झटका आला. डावा हात आठवडाभर लुळा, ओठ जरासा वाकडा. नशिबानं त्यातून सावरले, हात पहिल्यासारखा झाला, पण माणूस मनातून खचला तो खचलाच. कुणाशी बोलेनात. मग मीच पदर खोचला. मी ज्या शाळेचे गणवेश शिवते तिथल्या मोठ्या बाईंना गाठलं. त्यांच्या व्हॅनचा ड्रायव्हर सोडून चालला होता. मी म्हटलं, बाई, चौतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, डोळ्यांत तेल घालून गाडी चालवणारा माणूस आहे, माझी हमी. डॉक्टरांचा कागदही झाला. डोळे तपासताना ह्यांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघड वाचून दाखवली, तर डॉक्टर हसून म्हणाले, काका, तरुणाची नजर आहे तुमची. येत्या सोमवारपासून व्हॅन सुरू करायची होती. चौदा मुलं, एक सांभाळणारी ताई आणि आमचे हे. त्या दिवसापासून हे पुन्हा जेवताना बोलायला लागले. एका रात्री तर त्यांनी मला मुलांच्या उतरण्याचा क्रमसुद्धा पाठ म्हणून दाखवला. मला किती बरं वाटलं ते माझं मला माहीत.

तर गाडी. धक्क्याजवळ पत्र्याच्या एका खोलीत भाड्याच्या गाड्यांचं ऑफिस होतं. तिथली पोरगी कागदावर छापलेल्या गाडीच्या चित्रावर, कुठं कुठं ओरखडे आहेत त्याच्या खुणा करत होती. ह्यांनी तिच्या हातातून कागद घेतला आणि डेपोत करायचे तशी सगळी तपासणी सुरू केली. चारही चाकांना लाथ मारून झाली, तेल बघून झालं, पाणी बघून झालं. मला मागं उभं केलं, ब्रेकचे दिवे लागतात का सांग. पोरीला अजून तीन गिऱ्हाइकं होती. ती म्हणाली, काका, असं कुणीच करत नाही. हे म्हणाले, म्हणूनच करायचं. मी कपाळाला हात लावला, पण आतून हसूच येत होतं. कितीतरी महिन्यांनी मला माझा नवरा दिसत होता.

बेटाला एकच रस्ता, कडेकडेनं गोल गेलेला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला हॉटेलं, बागा, मधे मधे छोटी गावं. चुकायला जागाच नाही. गाडी निघाली आणि दहा मिनिटांत आमचं भांडण सुरू झालं. हे गाडी रस्त्याच्या मधूनच चालवत होते. मी म्हटलं, अहो, डावीकडे घ्या की, समोरून येणाऱ्यांना पण जायचंय. मग घेतली, तर डावं चाक कठड्याच्या दगडावरूनच गेलं आणि माझी पाठ सणकली. ह्यांचं म्हणणं, चाळीस फुटी गाडीची सवय, या काड्यापेटीचा अंदाज येत नाही. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही.

थोडं पुढं गेल्यावर ह्यांनी गाडी हळू केली आणि थांबवलीच. मला वाटलं, फोटो काढायचाय. तर हे खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या दोन माणसांना विचारताहेत, कुठं जायचंय. ती माणसं गोंधळली. एकानं हातानं दाखवलं की आम्हाला तिकडं, तुम्ही आलात त्या दिशेला. हे म्हणाले, अच्छा, अच्छा, आणि निघाले. मी हसून हसून बेजार. मी म्हटलं, अहो, एक तर आपण सुट्टीवर, गाडी आपली नाही, आणि प्रवासी घ्यायचे तर निदान आपल्या बाजूचे तरी घ्या. हे खजील झाले. म्हणाले, थांबा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

पुढच्या थांब्यावर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. बेटावरची बस दोन तासांनी एकदा येते, त्यामुळं थांब्यांवर माणसं असायचीच, आणि आमचे हे दरवेळी पलीकडच्या बाजूच्या थांब्यासमोर गाडी हळू करायचे. आपल्या बाजूच्या थांब्यावर एकदाही नाही. हे मला दिसत होतं आणि मी त्यावर चेष्टा करत होते. आता आठवलं की कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही.

एका उंचवट्यावर समुद्र बघायला थांबलो. चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. ह्यांनी बशीतली अर्धीच बिस्किटं खाल्ली. हे हल्ली नेहमीचं झालं होतं, ताटातलं निम्मं तसंच टाकायचे आणि मी अन्न टाकण्यावरून रागवायची. आम्ही परत आलो तोवर एका व्हॅननं आमच्या गाडीला डावीकडून अगदी खेटून जागा घेतली होती आणि आमचा त्या बाजूचा आरसा दुमडून ठेवला होता. हे उजवीकडून आत बसले, मी अंग चोरून डावीकडून, आणि आम्ही निघालो. काचेपलीकडे आरसा पाठ करून बसलेला मला दिसत होता. मला वाटलं, लागेल तेव्हा उघडतील.

त्यानंतरच्या थांब्यावर, म्हणजे पुन्हा पलीकडच्याच, एक बाई उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, पायाशी चादरींचं मोठं गाठोडं. हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या. त्यांनाही उलट्या दिशेला जायचं होतं, पण ह्यांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, ताई, बेट गोलच आहे, या बाजूनं गेलं तरी पोचालच. बाईंनी क्षणभर विचार केला. बस चुकली होती, पुढची यायला दीड तास. त्या हसल्या, रस्ता ओलांडून आल्या आणि गाठोड्यासकट मागं बसल्या.

काय गोड बाई होत्या. सबंध रस्ताभर बोलत होत्या. कोणत्या हॉटेलातली माणसं चादरीला बूट पुसतात, कोणत्या हॉटेलातली उशीखाली दात विसरून जातात. हे खदाखदा हसत होते. मग ह्यांनी त्यांना शाळेच्या व्हॅनचं सांगितलं. चौदा मुलं आहेत, म्हणाले, सगळ्यात लहान साडेतीन वर्षांची, ती सगळ्यात आधी चढणार आणि शेवटी उतरणार, तेव्हा तिला झोप लागली तर काय करायचं, त्याचाही विचार करून ठेवलाय. बाई म्हणाल्या, नशीबवान आहेत ती पोरं. मी खिडकीतून बाहेर बघितलं, कारण डोळे भरून आले होते.

बाईंचं हॉटेल आलं. फाटकासमोर गाडी उभी केली. शेवटची आठ वर्षं हे विनावाहक बस चालवायचे, म्हणजे कंडक्टर नाही, दार, आरसा, माणसांचं चढणं-उतरणं, सगळं ड्रायव्हरनंच बघायचं. ह्या एका गोष्टीचा ह्यांना जितका अभिमान तितका कशाचाच नाही. उतरणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला लागून तो दोन पावलं बाजूला झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. म्हातारी माणसं मुद्दाम ह्यांच्या बसची वाट बघायची.

बाईंनी डावीकडचं मागचं दार उघडलं, गाठोडं खाली ठेवलं, ते धप्प वाजलं. एक पाय खाली, एक आत, हात दाराला. ह्यांनी समोर बघितलं, उजव्या आरशात बघितलं आणि गाडी सोडली.

मी ओरडले. गाडी लगेच थांबली, पण तोवर बाई दाराला धरून दोन पावलं फरफटल्या आणि खाली बसल्या. मी धावत उतरले. गुडघा खरचटला होता, हाताच्या तळव्याला खडी रुतली होती, बाकी देवाच्या कृपेनं काही नाही. हे पलीकडून आले ते पांढरेफटक. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या उतरल्या नव्हत्या?"

बाई म्हणाल्या, काही झालं नाही, माझंच आवरायला वेळ लागला. हे म्हणत राहिले, मला दार लागल्याचा आवाज आला. दार कुठलं, तो गाठोड्याचा आवाज. बाईंनी लंगडत गाठोडं उचललं, ह्यांना हातसुद्धा लावू दिला नाही, आणि फाटकातून आत गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला वाटतं, त्यांना माझी कीव आली होती.

गाडीत बसताना माझा हात त्या दुमडलेल्या आरशाला लागला आणि तो मी उघडला. हा माणूस अर्धा तास डावा आरसा बंद असताना गाडी चालवत होता आणि ह्याला पत्ता नव्हता. ज्यानं आपल्या लेकीला सायकल शिकवताना सुद्धा सांगितलं, आधी आरसा, मग बाकीचं, तो हा माणूस. मग सगळंच एकदम डोक्यात आलं. कठड्यावरून गेलेलं चाक. पलीकडच्याच थांब्यांवरची माणसं. ताटातलं, बशीतलं, नेहमी डाव्या अर्ध्यातलंच उरलेलं. डॉक्टरांचा तक्ता भिंतीवर समोर होता हो, समोर. समोरचं ह्यांना दिसतच होतं.

आता खरं सांगते, कारण खोटं बोलून मला काय मिळणार. मी पहिल्यांदा गप्प बसायचं ठरवलं. पुढची वीस मिनिटं मी मनात हिशेब मांडत होते. व्हॅनमधे ताई असते, तीच मुलं उतरवते. बेटावरचा रस्ता नवा, गाडी नवी, कालचा प्रवास, झोप नाही. घरच्या रस्त्यावर असं होणार नाही. मी ह्यांना पुन्हा खिडकीत उभं करू? सात मिनिटं उशीर, नऊ मिनिटं उशीर, हे पुन्हा ऐकू? ज्या माणसाला मीच ओढून बाहेर काढलं त्याला मीच आत ढकलू? सांगायचं तर डॉक्टर सांगतील, लेक सांगेल, मीच का सांगू?

आणि मग आपल्या बाजूच्या एका थांब्यावर एक माणूस हात वर करून अगदी रस्त्यात आलेला मला दिसला. हे त्याच्या हातभर अंतरावरून गेले. वेग कमी नाही, मान वळली नाही. चौतीस वर्षांत ह्यांनी हात वर केलेल्या माणसाला मागं सोडलं नव्हतं.

मी म्हटलं, गाडी थांबवा. आवाज असा निघाला की ह्यांनी न विचारता थांबवली. समुद्राच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथं. मी म्हणाले, "अहो, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

हे इतके चिडले, की मला आमच्या लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. तुला गाडीतलं काय कळतं, म्हणाले. एक बाई जरा हळू उतरली तर लगेच आंधळा ठरवलंस. डॉक्टरांपेक्षा तू शहाणी. मग तुलाच नकोय मी कामावर गेलेला, असंही म्हणाले. ते मात्र मला लागलं. मीही तोंड सोडलं. म्हटलं, शाळेच्या बाईंच्या पायऱ्या कुणी झिजवल्या, हमी कुणी दिली? मग दोघंही दमलो. हे म्हणाले, "घे परीक्षा. मागं जा, डाव्या बाजूनं चालत ये. दिसलीस की हॉर्न देतो."

मी उतरले. गाडीच्या मागं चांगली वीस पावलं गेले आणि वळून डाव्या बाजूनं चालायला लागले. मनात म्हणत होते, वाजू दे, वाजू दे. पैज हरायची एवढी घाई मला आयुष्यात झाली नव्हती. मागच्या दारापाशी आले, हॉर्न नाही. आरसा मघाशीच मी उघडला होता, त्यात मी दिसत असणार. पुढच्या दारापाशी आले. काचेतून मला ह्यांचा चेहरा दिसत होता. हे झोपले नव्हते, मन लावून बघत होते. समोर, उजवा आरसा, पुन्हा समोर, पुन्हा उजवा आरसा. मान डावीकडे येतच नव्हती. जणू गाडीला ती बाजूच नव्हती. मी चाकाजवळ आले, दिव्याजवळ आले, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याला पोट टेकवून उभी राहिले आणि हात वर केला. अगदी उंच, शाळेतल्या पोरीसारखा.

ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागं बघून हाक मारली, "अगं, निघालीस का?"

मी म्हटलं, मी इथं आहे. ह्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, आणखी वळवली, आणि मी सापडले. माझा हात अजून वरच होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मी चालून आले होते त्या रस्त्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याला मी सासू गेली तेव्हा रडताना बघितलंय, पण असा चेहरा तेव्हाही नव्हता.

हे शांतपणे उतरले. गिअर काढला होता, हँडब्रेक ओढला होता, किल्ली घेतली होती, डेपोत गाडी लावताना करायचे तसंच सगळं. गाड्यांच्या ऑफिसात फोन केला. ती पोरगी म्हणाली, काका, काही बिघाड आहे का? हे म्हणाले, गाडी उत्तम आहे, चालवायला माणूस पाठव. यायला तासभर लागणार होता. आम्ही कठड्यावर बसलो, पाय समुद्राकडे सोडून, हे आणि ह्यांच्या शेजारी मी.

मी म्हटलं, घरी गेल्यावर डॉक्टरांकडे जाऊ, यावर काही उपाय असेल. शाळेत मी कळवते, तब्येतीचं कारण सांगते. हे मान हलवत राहिले. मग म्हणाले, नाही, मीच सांगतो, आणि ह्यांनी खिशातून फोन काढला.

मोठ्या बाई काय बोलत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. ह्यांचं ऐकत होते. आधी नमस्कार, मग आम्ही बेटावर आलोय, हवा चांगली आहे. मग म्हणाले, "बाई, सोमवारपासून मी येत नाही. नाही, तब्येत ठीक आहे. मला डाव्या बाजूचं दिसत नाही. आजच कळलं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, ताईबद्दल असेल. हे म्हणाले, "ताई असेल हो. पण मुलं डाव्या बाजूनं उतरतात."

फोन ठेवला आणि तो मांडीवर घेऊन हे बोलायला लागले. त्या बाईंच्या गुडघ्याला औषध कोण लावेल, उद्या आपण जाऊन विचारून येऊ या का. त्या साडेतीन वर्षांच्या मुलीला झोप लागते, हे नव्या ड्रायव्हरला कुणीतरी सांगायला पाहिजे. बोलता बोलता रडत होते. बोलत होते माझ्याशीच, पण बघत होते समोर पाण्याकडे, मधेच उजवीकडच्या रिकाम्या कठड्याकडे, आणि एकदा तर थांबून म्हणाले, ऐकतेयस ना?

मी ह्यांच्या डाव्या हाताला बसले होते. मी उठले, मागून वळसा घातला आणि उजवीकडे जाऊन बसले. मग हे माझ्याकडे बघून बोलायला लागले.